इथं आधीच टोचलंय की!

माझे कान टोचले तेव्हा मी महिन्याचीही नव्हते. त्यामुळं आठवण अशी काही नाही, पण आमच्या घरात ती गोष्ट इतक्या वेळा सांगून झालीय की मला सोनाराच्या हातातली तारसुद्धा दिसते. आजीनं मला मांडीवर घट्ट धरलं होतं. सोनारानं पाळीवर खूण केली, मग कान जरा ओढून बघितला आणि थबकला. "आजी, इथं आधीच टोचलंय की!"

उजव्या कानाच्या पुढं, जिथं कानाची वरची कड वळून गालाकडं उतरते, तिथं टाचणीनं टोचावं एवढं भोक. आजी म्हणाली, "देवानंच टोचून पाठवलीय. तेवढी मजुरी कमी कर." त्यानं केली नाही म्हणे.

पुढची एकतीस वर्षं ते भोक अंगावरच्या तिळासारखं राहिलं. असून नसल्यासारखं. आण्णांच्या डाव्या कानाला तसंच आहे. आईला ते लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी दिसलं, यावरून किती बारीक ते समजा. माझ्या भोकातून मात्र अधूनमधून काहीतरी यायचं. आंघोळीनंतर दोन बोटांनी दाबलं की तांदळाच्या कणीएवढं पांढरं, मऊ. वास खवट, शिळ्या लोण्यासारखा. मला ते दाबायला आवडायचं, हे लिहायला आज लाज वाटते. पण ज्यांना असं भोक आहे त्यांना मी काय म्हणते ते बरोबर कळेल. चुलतभावंडांत तर तो एक खेळच होता. "दाखव ना, दाखव ना" करून सगळी जमायची.

फेब्रुवारी २०१८. दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या. मी तासगावजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. सकाळी उठले तर उजवा गाल ताणल्यासारखा वाटत होता. आरशात बघितलं, कानापुढं बेदाण्याएवढी गाठ, लालबुंद. बेदाणा म्हणायचं कारण आमचं घर द्राक्षवाल्यांचं, आमच्याकडं सगळी मापं बेदाण्यात होतात. संध्याकाळपर्यंत तिचा जर्दाळू झाला. घास चावताना कळ कानात जायची.

सासूबाई म्हणाल्या गालगुंड आहे. त्यांनी रक्तचंदन उगाळून लेप लावला. लेप गार होता, बरं वाटलं तासभर, एवढंच. मला स्वतःला वाटलं केस्तूड असेल. भोकाशी त्याचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही, आणि मी जीवशास्त्र शिकवते. गावातल्या डॉक्टरांनी सात दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी सूज बसली. प्रकरण मिटलं.

मिटलं नव्हतं. जुलैमध्ये पुन्हा सुजलं आणि या वेळी गोळ्यांना दाद देईना. पाचव्या दिवशी गाठ मधे मऊ लागायला लागली, कातडी तुकतुकीत ताणली. म्हणजे आत पू झालेला. घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले गळू आहे, कापून मोकळं करू. भूल म्हणून सुई दिली, पण पिकलेल्या जागी ती सुई धड लागत नाही हे मला त्या दिवशी समजलं. चिरलं, पिळलं, आत गॉजची वात भरली. रोज जाऊन ती वात बदलायची. असे अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत त्यांनी एकदाही शेजारच्या भोकाकडं बघितलं नाही. मीही दाखवलं नाही, तेव्हा दोष एकट्या त्यांचा म्हणता येणार नाही. पण कापायच्या आधी कुणीतरी ते भोक बघायला हवं होतं, हे मी आजही म्हणते.

त्या वर्षी दहावीची पुस्तकं बदलली होती. विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. त्यात भ्रूणविज्ञानाचे पुरावे येतात, मासा, कासव, पक्षी, माणूस यांचे गर्भ सुरुवातीला कसे सारखे दिसतात ते. मी कानाला पट्टी चिकटवून तो धडा शिकवत होते. मागच्या बाकावरचा एकजण उभा राहिला. "बाई, ज्यांच्या कानाजवळ भोक असतं तो माशाचा कल्ला असतो ना? मोबाईलवर आलंय." सगळा वर्ग माझ्या पट्टीकडं बघायला लागला.

मी त्या वेळी "पुढच्या तासाला सांगते" म्हणून वेळ मारून नेली, आणि घरी जाऊन पहिल्यांदा नीट वाचलं. वाचलं ते इतकं गमतीचं होतं की दुखणं विसरले.

आईच्या पोटात पाचव्या-सहाव्या आठवड्यात बाहेरचा कान हा अवयव नसतोच. गर्भाच्या गळ्याशी कमानींसारख्या वळ्या असतात. पहिल्या आणि दुसऱ्या कमानीवर मिळून सहा बारीक उंचवटे उगवतात, तीन इकडं, तीन तिकडं. विल्हेल्म हिस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाच्या नावानं ते ओळखले जातात. हे सहा उंचवटे वाढत वाढत एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा मिळून बाहेरचा कान होतो. आधी तो गळ्याशी असतो, जबडा वाढतो तसा वर सरकतो. सहा ढिगारे कालवून एक गोळा करताना कुठंतरी सांध राहून जावी, तशी या उंचवट्यांच्या जुळणीत कधी कधी एक सांध राहते. तेच हे भोक. १८६४ मध्ये हॉयझिंगर या जर्मन डॉक्टरनं त्याचं पहिलं वर्णन लिहून ठेवलं. युरोप-अमेरिकेत ते शंभरात एकालाही नसतं. आशियात जास्त, आणि आफ्रिकेच्या काही भागांत शंभरात चार ते दहा जणांना. काही देशांत ते भाग्याचं लक्षण मानतात. म्हणजे माझी आजी एकटी नव्हती.

पुढच्या तासाला त्या पोराला सांगितलं: कमानी माशाच्या गर्भातही असतात आणि आपल्याही. माशात त्यांच्यापासून कल्ले होतात. आपल्यात त्याच कमानींपासून जबडा होतो, आणि कानाच्या आतली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन बारीक हाडं होतात. माणसाच्या गर्भाला कल्ले कधीच नसतात, तेव्हा त्यांचा अवशेष कुठून राहणार? माझ्या भोकातून मी श्वास घेत नाही, त्याचं आतलं तोंड बंद आहे. "मग त्यातून काय येतं?" असा पुढचा प्रश्न आला. या पोरांना कुठं थांबावं कळत नाही. पण त्याचंही उत्तर आता मला माहीत होतं. ही सांध म्हणजे वरच्या कातडीचीच आत वळलेली नळी. कातडी बाहेर झडते ती आंघोळीत वाहून जाते. आत झडते ती नळीत साठते. ते पांढरं म्हणजे माझीच मेलेली कातडी. त्यात बाहेरचे जंतू शिरले की पू.

गणपतीत तिसऱ्यांदा सुजलं. या वेळी जुन्या चिरेच्या वणावरच नवं तोंड फुटलं आणि ते वाहतच राहिलं. उशीच्या अभ्र्यावर रोज डाग. गौरी जेवल्या त्या दिवशी मी कानावर रुमाल धरून वाढत होते. आण्णा भेटायला आले होते, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "मिरजेला दाखवायचं. उद्याच."

आमच्या भागात दुखणं मोठं झालं की मिरज. शंभराहून जास्त वर्षं गाव त्यासाठीच ओळखलं जातं, त्यासाठी आणि सतारींसाठी. कान-नाक-घशाचे डॉक्टर साठीच्या पुढचे होते. खुर्चीत बसवून त्यांनी केस बाजूला केले, वाहणाऱ्या जखमेकडं ओझरतं बघितलं आणि भिंग लावून सरळ भोकावर गेले.

"हे जन्मापासून?"

"हो."

"आणि हे कापलं कुणी?"

मी गप्प. त्यांनी डॉक्टरचं नाव विचारलं नाही, नुसता उसासा सोडला. मग दुसरा कान बघितला, कानामागं बोट फिरवलं, मान वर करायला लावून गळ्याच्या दोन्ही बाजूंना कुठं भोक किंवा गाठ आहे का ते चाचपलं. घरात कुणी जन्मापासून बहिरं? किडनीचा आजार कुणाला? मी म्हणाले आत्याला कमी ऐकू येतं, लहानपणी ताप येऊन गेले कान. "ताप येऊन" हे ऐकून त्यांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

मग त्यांनी कागदावर कान काढून दाखवला. बाहेर दिसतंय ते भोक म्हणजे विहिरीचं तोंड. आत नळी सरळ जात नाही, तिला फाटे असतात, कधी तीन, कधी पाच, आणि ती कानाच्या कुर्च्येला, म्हणजे कानातल्या लवचीक मऊ हाडाला, चिकटलेली असते. नुसता पू काढला तर कातडीची नळी आत तशीच राहते, ती पुन्हा भरते. वर चिरेमुळं सगळं वणानं चिकटतं, फाटे ओळखू येत नाहीत. म्हणून शक्यतो चिरायचं नाही. पू फार झालाच तर सुईनं ओढून घ्यायचा, किंवा भोकातूनच बारीक सळई घालून वाट मोकळी करायची.

"आणि ज्यांना काहीच त्रास नाही त्यांचं?" मी आण्णांकडं बघून विचारलं.

"त्यांनी माझ्याकडं यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "भोक आहे म्हणून ऑपरेशन करत नाहीत. दाबायचं नाही, कोरायचं नाही, तेल घालायचं नाही. एकदा पिकलं तर गोळ्या. पुन्हा पुन्हा पिकायला लागलं तर काढायचं, आणि काढायचं ते एकदाच, पूर्ण." आण्णा त्यांचं भोक दाखवायला उत्सुक होते, त्यांची निराशा झाली.

पूर्ण काढूनसुद्धा परत होण्याची शक्यता राहते, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. कोण कुठल्या पद्धतीनं करतं, आधी किती चिरफाड झालीय, यावर ते प्रमाण शंभरात एक-दोनपासून चाळीसपर्यंत सापडतं. इतका मोठा फरक ऐकून माझे यजमान बावचळले. डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच मी नळी शोधत बसत नाही. नळी जिथं जिथं असू शकते तो सगळा मऊ भागच काढतो. आत खोलात डोक्याच्या स्नायूचं आवरण, मागं कानाची कुर्चा, या दोन भिंती. मधलं काही ठेवायचं नाही." एखाद्या शेतकऱ्याला हरळी काढायची रीत सांगावी तसं ते बोलत होते आणि यजमानांना ते लगेच पटलं. हरळीची एक काडी मागं राहिली तर काय होतं ते आमच्या रानात सगळ्यांना ठाऊक आहे.

लगेच मात्र करायचं नव्हतं. पिकलेल्या जागेवर शस्त्र चालवत नाहीत. पू तपासायला पाठवला, त्याप्रमाणं गोळ्या बदलल्या, आणि सूज पूर्ण उतरून महिना-दीड महिना शांत जाऊ दे म्हणाले. ऑक्टोबरची छाटणी तोपर्यंत उरकणार होती, दिवाळीची सुट्टीही येत होती. भाऊबीज झाली आणि सोमवारी, १२ नोव्हेंबरला, मी दाखल झाले.

आदल्या दिवशी रक्त, छातीचा एक्स-रे आणि ऐकण्याची तपासणी झाली होती. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं, टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. दोन्ही कान उत्तम. संमतीपत्रावर सही करताना एका ओळीवर पेन अडलं: चेहऱ्याच्या नसेला इजा होण्याची शक्यता. डोळा न मिटणं, तोंड वाकडं होणं. भूलतज्ज्ञ बाईंनी समजावलं की ती नस खालून, खोलातून जाते, या भोकाच्या ऑपरेशनमध्ये तिला धक्का लागणं दुर्मीळ. भोक कानाच्या खाली किंवा जबड्याच्या कोपऱ्याशी असतं तर गोष्ट वेगळी होती. तरी सही करताना हात कापला. शिक्षिकेचं तोंड वाकडं झालं तर वर्ग काय काय नावं ठेवेल, हे मला बरोबर माहीत होतं.

कानाच्या वरचे दोन बोटं रुंद केस काढले. पूर्ण भूल. त्यानंतरचं मला सांगता येत नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते असं: भोकातून निळं औषध आत सोडलं, म्हणजे नळी जाईल तिथपर्यंत आतलं मांस निळं होतं. बारीक सळई घातली. भोकाभोवती गव्हाच्या आकाराची चीर देऊन ती कानाच्या वर वाढवली. जुलैमधल्या चिरेचा वणही त्याबरोबर काढला. एक फाटा कुर्च्येत घुसलेला होता, म्हणून कुर्च्येचाही नखाएवढा तुकडा काढला. सव्वा तास लागला.

जाग आली तेव्हा डोक्याला फेटा बांधल्यासारखं घट्ट बँडेज होतं. मोकळ्या झालेल्या जागेत रक्त साठू नये म्हणून ते तसं आवळतात. डॉक्टर आले. "डोळे घट्ट मिटा. गाल फुगवा. दात दाखवा." मी दाखवले. "अजून." यजमान कोपऱ्यातून म्हणाले, "आता बास, एवढे तर लग्नातपण दाखवले नव्हते." हसले तेव्हा टाके ओढले, पण तोंड दोन्हीकडं सारखं गेलं हे सगळ्यांनी बघितलं.

दुखणं सोसवण्याइतकं होतं. त्रास झाला तो झोपेचा, एकाच कुशीवर सात रात्री. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं, आठव्या दिवशी टाके निघाले. कानाच्या वरचा भाग तीन-चार महिने बधिर होता, कंगवा फिरवला की परक्याच्या डोक्यावरून फिरवल्यासारखं वाटायचं. हळूहळू ते गेलं. काढलेला तुकडा तपासणीला गेला होता, त्याचा अहवाल दहा दिवसांनी आला. कातडीचं अस्तर असलेली नळी, आत केराटिन म्हणजे तेच मेलेल्या कातडीचं पांढरं, भोवती जुनी सूज, घातक असं काही नाही. एवढ्याशा तुकड्यावर एवढा मोठा कागद. मी तो वर्गात नेऊन दाखवला. मागच्या बाकावरच्यानं "बाई, कल्ला गेला" असं जाहीर केलं.

आता विम्याची रडकथा. यजमानांनी चार वर्षांपासून घरच्या सगळ्यांचा आरोग्य विमा भरलेला होता. आम्ही निर्धास्त. पण डिस्चार्जच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं, जन्मजात. कंपनीचं पत्र आलं की पॉलिसीत बाह्य जन्मजात दोष वगळलेले आहेत. विम्याच्या भाषेत शरीराच्या दिसणाऱ्या भागावर असेल तर बाह्य आणि न दिसणाऱ्या भागात असेल तर अंतर्गत अशी विभागणी असते. मी लिहून पाठवलं की भोक बाहेर आहे हे खरं, पण काढली ती नळी आत होती, आणि ती दिसत असती तर आधीच्या डॉक्टरांनी गळू समजून कापली नसती. उत्तर आलं, दावा नामंजूर. पतसंस्थेतून पैसे उचलले ते पुढच्या बेदाण्याच्या सौद्यावर फेडले. ज्यांना असं ऑपरेशन करायचं असेल त्यांनी दाखल व्हायच्या आधी पॉलिसीतला हा शब्द शोधून वाचावा. आम्ही नंतर वाचला.

२०२१ मध्ये मुलगी झाली. बाळाला आणून माझ्याजवळ ठेवलं तेव्हा लोक बोटं मोजतात, मी कान बघितले. उजव्याला होतं. डावा बघितला, डाव्यालाही होतं. मला वाचलेलं आठवलं: दोन्हीकडं असेल तर ते घराण्यातून येण्याची शक्यता जास्त. आण्णांचं डावं, माझं उजवं, पोरीनं दोन्ही घेतली.

बालरोगतज्ज्ञ बाईंनीही ती पाहिली. त्यांचेही तेच प्रश्न, गळ्याची तीच चाचपणी. कानाजवळ नुसतं भोक असेल आणि बाकी बाळ ठणठणीत असेल तर मुद्दाम पोटाची सोनोग्राफी करायची गरज नसते, ऐकण्याची तपासणी मात्र करावी, असं त्या म्हणाल्या. ती तपासणी सोपी, झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक बूच घालून यंत्र आवाज सोडतं आणि आतून येणारा प्रतिसाद मोजतं. उजवा कान पास. डावा नाही.

"पहिल्या दोन-तीन दिवसांत कानात ओल असते, पुष्कळ बाळांचं असं होतं," त्या म्हणाल्या. "तीन आठवड्यांनी परत करू. घरात कुणी बहिरं नाही ना?"

आत्या. ताप येऊन. मी सांगितलं आणि या वेळी माझं मलाच ते ताप येऊन प्रकरण कच्चं वाटलं. आत्याचा जन्म जतजवळच्या वाडीवरचा, तेव्हा तिचे कान तपासले होते कुणी? बाईंनी मग शांतपणे सांगितलं ते मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून सोडून दिलं होतं. ब्रँकिओ-ओटो-रीनल नावाचा एक विकार असतो. चाळीस हजारांत एखाद्याला. एका जनुकातल्या बिघाडामुळं कानाजवळ भोकं, गळ्याला गाठी किंवा छिद्रं, कमी ऐकू येणं आणि किडनीची घडण बिघडणं हे सगळं एकत्र येतं. कान आणि किडनी यांची घडण चालू असते त्या दिवसांत हे जनुक दोन्हीकडं काम करत असतं, म्हणून. "तुमच्याकडं तसं आहे असं मी म्हणत नाही. पण भोकं दोन्ही कानांना, आणि घरात बहिरेपण. तर किडनीची सोनोग्राफी करून घेऊ. सुई नाही, काही नाही."

रात्रभर मी पोरीच्या डाव्या कानाशी चुटक्या वाजवत होते. सासूबाईंनी शेवटी हात धरला.

बाराव्या दिवशी बारसं. आत्या आली. सत्तरीची, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिचे कान नीट बघितले नव्हते. गोपा घ्या, गोविंद घ्या झालं, बायका घुगऱ्या घेऊन बाहेर गेल्या, तेव्हा मी तिच्याजवळ बसले आणि खुणेनं म्हणाले, कान दाखव. ती ओठ वाचते. हसली, पदर मागं सारला, पांढरे केस बाजूला केले. आधी एक, मग दुसरा. कानांत जुन्या बुगड्या होत्या, पाळ्या लोंबलेल्या. भोक नव्हतं. मी मोबाईलचा दिवा लावून दोनदा बघितलं. गळाही बघितला. मग तिलाच विचारलं, किती वर्षांची होतीस? तिनं हात जमिनीपासून दीड हात वर धरला आणि मोठ्या, सपाट आवाजात म्हणाली, "गाणी म्हणायची मी. भोंडल्याची. येत होतं ऐकू." म्हणजे ताप खराच होता.

सोनोग्राफी पुढच्या मंगळवारी झाली. दोन किडन्या, जागेवर, मापात. तीन आठवड्यांनी डावा कानही पास झाला. डॉक्टर बाईंनी फाईलवर भोकांची नोंद केली आणि एवढंच सांगितलं की बोलायला उशीर झालाय असं वाटलं तर वाट न बघता यायचं, नाहीतर विसरून जायचं.

विसरायला मालिशवाली मावशी देत नव्हती. तेलाची वाटी घेऊन ती रोज सकाळी नऊला यायची. टाळूवर तेल, बेंबीत तेल, नाकात थेंब, कानात धार, हा तिचा तीस वर्षांचा क्रम. कानात आणि नाकात नको हे तिनं दोन दिवस भांडून मान्य केलं. तिसऱ्या दिवशी तिला भोकं दिसली.

"अगं, ही दोन राहिलीच की. ह्यात एकेक थेंब सोडू?"

"नको, मावशी."

"मग ह्यात काय घालायचं?"

"काही नाही. मलमलीनं वरून टिपायचं."

मावशीनं पोरगी माझ्या मांडीवर दिली, वाटी उचलली आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "शिकलेल्या पोरी. भोक ठेवतात आणि घालू काही देत नाहीत."